'विल'चे 'वुड' का होते?



११ जुलै १९७९ या दिवशी आकाशातून एक प्रयोगशाळा खाली आली. अमेरिकेने १४ मे १९७३ रोजी अवकाशात सोडलेली 'स्कायलॅब' ती हीच. तिचे वजन सुमारे ७७ टन होते. वातावरणात शिरल्यावर तिचे तुकडे झाले. काही हिंदी महासागरात पडले, तर काही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागात. कोणाला इजा झाली नाही. पण त्याआधीचे काही दिवस आपल्या देशातही लोक धास्तावले होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. त्यांतल्या कित्येकांना ते दिवस आठवत असतील.

आता अशी कल्पना करा, की त्या दिवसांत तीन वेगवेगळ्या इंग्रजी वर्तमानपत्रांत पुढील तीन वाक्ये छापून आली आहेत.

(१) 'सायंटिस्ट्स से दॅट सम पीसेस मे फॉल ऑन इंडिया.'

(२) 'सायंटिस्ट्स सेड दॅट सम पीसेस माइट फॉल ऑन इंडिया.'

(३) 'सायंटिस्ट्स सेड दॅट सम पीसेस वुड फॉल ऑन इंडिया.'

पहिले वाक्य सांगते, की काही तुकडे भारतावर पडण्याची शक्यता आहे, असे शास्त्रज्ञ म्हणतात. दुसऱ्या वाक्यात दोन शब्द बदलले. 'से'चे 'सेड' झाले आणि 'मे'चे 'माइट' झाले. तरीही धोका तेवढाच आहे. फक्त शास्त्रज्ञांचे बोलणे आता होऊन गेलेले आहे. तिसऱ्या वाक्यात दुसऱ्यापेक्षा एकच शब्द वेगळा आहे. पण आता अर्थ झाला, की काही तुकडे भारतावर पडणार असे शास्त्रज्ञांनी सांगून टाकले! म्हणजे दोन शब्द बदलले तरी अर्थ तोच राहतो आणि एकच शब्द बदलला की वाचणाऱ्याची झोप उडते.

असे का व्हावे? 'माइट म्हणजे मे चा भूतकाळ' आणि 'वुड म्हणजे विल चा भूतकाळ' एवढे पाठ करून हे कोडे सुटत नाही. पडण्याची घटना तर तिन्ही वाक्यांत अजून घडायचीच आहे. मग भूतकाळाचे रूप आले कोठून? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण इंग्रजी मिश्र वाक्याच्या आत, म्हणजे गौण वाक्यात, शिरून पाहू या.

मराठीची रीत आणि इंग्रजीची रीत

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ तुम्ही शिकला आहात. 'तो जातो' हा स्वार्थ, 'तू जा' हा आज्ञार्थ, 'त्याने जावे' हा विध्यर्थ आणि 'तो गेला असता, तर भेट झाली असती' हा संकेतार्थ. या चारांपैकी कोणता अर्थ आहे, हे आपल्याला क्रियापदाच्या रूपावरूनच कळते.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही अशी निरनिराळी रूपे होती. पुढे शब्दांच्या शेवटचे प्रत्यय बोलता बोलता झिजत गेले. मग इच्छा, शक्यता, परवानगी, कर्तव्य, तर्क या छटा दाखवायच्या कशा? ते काम काही लहान शब्दांकडे आले. विल, शॅल, कॅन, मे आणि मस्ट हे त्यांतले मुख्य. इंग्रजीच्या तासाला यांनाच 'मोडल' असे म्हणतात; आपण त्यांना मोडल सहायक क्रियापदे म्हणू.

यांतल्या चार शब्दांचे जोडीदार आहेत:

विल – वुड
शॅल – शुड
कॅन – कुड
मे – माइट

प्रत्येक जोडीतला दुसरा शब्द हा पहिल्याचे जुने भूतकाळी रूप आहे. त्या दुसऱ्या रूपाचे काम 'भूतकाळ दाखवणे' एवढेच मानले, की गोंधळ सुरू होतो. त्याऐवजी एक साधी कल्पना करून पाहा. हे दुसरे रूप अंतर दाखवते. बोलणारा जणू म्हणतो, 'ही गोष्ट माझ्यापासून जरा लांबची आहे.' ते अंतर काळाचे असेल, वास्तवापासूनचे असेल किंवा अदबीचे असेल.

अदबीचे अंतर तर आपल्या मराठीतही आहे. शेजारच्या काकांकडे जाऊन आपण म्हणतो, 'काका, तुमच्याकडे एक काम होतं.' काम संपले आहे का? नाही, ते अजून व्हायचेच आहे! दुकानात गेल्यावर म्हणतो, 'एक वही हवी होती.' वही आत्ताच हवी असते. 'होतं', 'होती' हे भूतकाळी रूप येथे काळ दाखवत नाही. ते मागणीची धार कमी करते. इंग्रजीतले 'कॅन यू' आणि 'कुड यू' यांत नेमका हाच फरक आहे. 'कुड यू' म्हणणारा माणूस एक पाऊल मागे सरून विचारतो.

आता हीच 'अंतरा'ची किल्ली गौण वाक्यांना लावून पाहू.

घड्याळ कोणाचे?

पुढील मराठी वाक्य पाहा.

'सुनील म्हणाला, की मी येईन.'

सुनील हे वाक्य काल बोलला असो की दहा वर्षांपूर्वी, गौण वाक्यातले 'येईन' बदलत नाही. सुनीलच्या तोंडचे बोल आपण जसेच्या तसे उचलून आणतो. 'तो येईल' असे म्हटले, तरी बदलतो तो पुरुष; काळ बदलत नाही. संस्कृतातही दुसऱ्याचे बोलणे सांगताना ते तसेच ठेवून शेवटी 'इति' जोडण्याची रीत आहे. रशियन भाषाही अशा वाक्यात मूळ बोलण्याचाच काळ ठेवते. या भाषांत गौण वाक्याचे घड्याळ मूळ बोलणाऱ्याचे असते, असे म्हणा ना!

इंग्रजीत मात्र सांगणारा माणूस ते घड्याळ आपल्या हाती घेतो. मुख्य वाक्यातले क्रियापद भूतकाळी असेल, तर गौण वाक्यातले क्रियापदही एक पाऊल मागे सरकते. प्राचीन लॅटिन भाषेतही काळांची अशी साखळी होती. म्हणून:

'आय विल कम' याचे होते 'सुनील सेड दॅट ही वुड कम.'

'आय कॅन स्विम' याचे होते 'सुनील सेड दॅट ही कुड स्विम.'

'इट मे रेन' याचे होते 'सुनील सेड दॅट इट माइट रेन.'

येथे 'वुड' म्हणजे 'आला' नव्हे. तो 'येईल'च आहे. मात्र कालच्या ठिकाणी उभे राहून पाहिलेला 'येईल'. सुनील नंतर आला की नाही, हे त्या वाक्यावरून कळतच नाही. हेतू सांगणाऱ्या गौण वाक्यांतही हीच साखळी दिसते. 'वी लाइट अ लॅम्प सो दॅट वी कॅन सी द स्केल' हे कालचे झाले, की 'वी लिट अ लॅम्प सो दॅट वी कुड सी द स्केल' होते. मराठीत मात्र दोन्ही वेळा आपण 'मोजपट्टी दिसावी म्हणून' असेच म्हणतो.

आता स्कायलॅबच्या वाक्यांकडे परत जा. दुसऱ्या वाक्यातला 'माइट' हा शास्त्रज्ञांच्या 'मे'चाच मागे सरकलेला अवतार असू शकतो. तिसऱ्यातला 'वुड' मात्र 'विल'चा अवतार आहे. म्हणजे दोघांची तुलना करताना आधी त्यांना एक पाऊल पुढे आणायचे, मूळ बोलण्यात कोणता शब्द असेल ते पाहायचे आणि मगच अर्थ लावायचा.

आपल्याकडचे पुष्कळ विद्यार्थी 'ही सेड दॅट ही विल कम' असे लिहितात आणि गुरुजी तांबड्या शाईने 'विल' खोडतात. हे वाक्य नेहमीच चूक असते का? नाही. सांगितलेली गोष्ट अजूनही पुढेच घडायची असेल, तर इंग्रजी लोकही कधी कधी 'विल' तसाच ठेवतात. 'शी सेड यस्टरडे दॅट शी विल कम टुमॉरो' हे चालते. पण मग सांगणाराही त्या गोष्टीत थोडा सामील होतो. उद्याचा दिवस त्याच्याही पुढे आहे आणि ती येणार हे तोही धरून चालला आहे. 'वुड' वापरला, तर तो म्हणतो, 'ती असे म्हणाली. पुढचे ती जाणे.' समुद्राची पातळी वाढण्याविषयीचा एखादा अहवाल सांगताना 'वुड राइझ' लिहिले की 'विल राइझ', यावरून बातमीदार अहवालापासून किती लांब उभा आहे, हे ओळखता येते.

'मस्ट' जागचा का हालत नाही?

तुम्ही म्हणाल, 'चार जोड्या झाल्या; पण मस्टचा जोडीदार कोठे आहे?' प्रश्न रास्त आहे. 'यू मस्ट स्टॉप' हे वाक्य अप्रत्यक्ष कथनात घातले, तर 'ही सेड दॅट वी मस्ट स्टॉप' असे 'मस्ट' तसाच राहू शकतो. नाही तर त्याच्या जागी 'हॅड टु' हा परका शब्द आणावा लागतो.

याचे कारण इतिहासात सापडते. जुन्या इंग्रजीत 'मोट' असे एक क्रियापद होते आणि त्याचे भूतकाळी रूप होते 'मोस्ते'. पुढे 'मोट' प्रचारातून गेले आणि 'मोस्ते'चे 'मस्ट' होऊन तेच वर्तमानकाळासारखे वापरले जाऊ लागले. म्हणजे 'मस्ट' मुळातच एक पाऊल मागे सरकलेला आहे. त्याला आणखी मागे जायला जागाच नाही! 'ऑट टु' याचीही गोष्ट तशीच. 'ओ' म्हणजे देणे असणे, ऋणी असणे. त्याचे जुने भूतकाळी रूप म्हणजे 'ऑट'. तेही गौण वाक्यात हालत नाही.

याच घराण्याच्या आणखी काही खोडी पाहा. 'ही गोज' असे आपण म्हणतो. पण 'ही कॅन्स' का म्हणत नाही? कारण 'विल' सोडला, तर या शब्दांची वर्तमानकाळी रूपेच मुळात त्याहून प्राचीन भूतकाळी रूपांपासून आली आहेत. भूतकाळी रूपाला तृतीयपुरुषाचा 'स' लागत नाही, तसा यांनाही लागला नाही. 'विल'ने पुढे या मंडळींचाच कित्ता गिरवला. 'कॅन'चा मूळ अर्थ होता 'जाणणे'. इंग्रजी 'नो', संस्कृत 'ज्ञा' आणि आपले 'जाणणे' हे सारे त्याचेच दूरचे भाऊबंद आहेत. 'कुड'च्या स्पेलिंगमध्ये 'एल' हे अक्षर असते ना? 'कॅन'मध्ये 'एल' नाही, मग 'कुड'मध्ये तो आला कसा? 'वुड' आणि 'शुड' यांत तो 'विल' आणि 'शॅल'कडून वारशाने आला. 'कुड'मध्ये मात्र लोकांनी त्या दोघांकडे पाहून तो उगाच घुसवला.

मराठीतही असा एक जुना अवशेष आहे. 'मला जायला पाहिजे' यातले 'पाहिजे' हे जुन्या मराठीतले कर्मणी रूप आहे. त्याचा मूळ अर्थ 'पाहिले जाते'. 'म्हणजे' हा शब्दही तसाच, 'म्हटले जाते' या अर्थाचा. ती जुनी पद्धत गेली. पण हे दोन शब्द दगडात शंख अडकून राहावा तसे भाषेत राहिले. म्हणूनच 'करतो, केले, करील' यांसारखी सगळी रूपे 'पाहिजे'ला चालवता येत नाहीत. भूतकाळ हवा असला, तर 'पाहिजे होते' असे दुसऱ्याचे साहाय्य घ्यावे लागते. 'मस्ट' आणि 'पाहिजे' ही दोन वेगळ्या देशांत सापडलेली, पण एकाच तऱ्हेची जीवाश्मे आहेत.

'शॅल'विषयीही एक गमतीची हकीकत आहे. प्रथम पुरुषी साध्या भविष्यासाठी 'शॅल' आणि इतरत्र 'विल' हा शाळेतला प्रसिद्ध नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली आपल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. हे वॉलिस मोठे गणिती होते. अनंताचे ∞ हे चिन्ह त्यांनीच १६५५ साली गणितात आणले. आज बोलण्यातला 'शॅल' पुष्कळच मागे पडला आहे. तरी जुन्या पुस्तकांतला 'आय शॅल गो' अप्रत्यक्ष कथनात 'ही सेड दॅट ही वुड गो' का होतो, हे आता तुमच्या लक्षात येईल. 'आय'चा 'ही' झाला, की त्या नियमाप्रमाणे 'शॅल'ची जागा 'विल'ने घेतली आणि मग 'विल' एक पाऊल मागे सरकला.

'इफ'च्या घरात 'विल' का नको?

आता दुसऱ्या प्रकारचे गौण वाक्य घेऊ.

'पाऊस पडला तर सामना रद्द होईल.'

गंमत पाहा. पाऊस अजून पडायचा आहे. तरी आपण 'पडला' म्हणतो! म्हणजे रूप भूतकाळी असले, तरी काळ भूत असलाच पाहिजे असे मराठीतही नाही. इंग्रजीत याचे 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड' असे होते. 'इफ इट विल रेन' असे म्हणत नाहीत. 'व्हेन', 'बिफोर', 'अंटिल', 'अ‍ॅज सून अ‍ॅज' यांनी सुरू होणाऱ्या कालदर्शक गौण वाक्यांतही 'विल' येत नाही. आपण 'जेव्हा तो येईल, तेव्हा मी जाईन' असे म्हणतो, म्हणून 'व्हेन ही विल कम' असे आपल्या तोंडी सहज येते. पण इंग्रजीत 'व्हेन ही कम्स' म्हणतात.

असे का? 'विल' हा भाकीत करणारा शब्द आहे. 'इफ' मात्र सांगतो, 'हे घडेल असे मी म्हणत नाही. तूर्त ते धरून चालू या.' जे नुसते धरून चालायचे, त्याचे भाकीत करण्याचे कारण नाही. भाकीत असते ते मुख्य वाक्यात. म्हणून 'विल' तेथे बसतो. शक्यता दाखवणाऱ्या 'मे'चेही तसेच. 'इफ इट मे रेन' हे कानाला खटकते, कारण शक्यतेचे दार 'इफ'ने आधीच उघडलेले असते.

मग 'इफ यू विल हेल्प मी, आय शॅल बी ग्रेटफुल' हे वाक्य कसे चालते? येथला 'विल' भाकीत करत नाही. तो तयारी विचारतो. 'तुमची मदत करण्याची तयारी असेल तर' असा त्याचा अर्थ. 'इफ यू कॅन स्विम' हेही चालते, कारण 'कॅन' येथे अंगातले कौशल्य सांगतो. तो शक्यतेचा अंदाज करत नाही.

आणखी एक चकवा आहे. 'आय डोंट नो इफ ही विल कम' हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे! मग नियम मोडला का? नाही. हा 'इफ' अटीचा नाही. येथे मराठी आपल्याला मदत करते. ज्या ठिकाणी मराठीत 'तर' येतो, तेथे 'इफ' अटीचा असतो. ज्या ठिकाणी 'की नाही' येते, तेथे गौण वाक्य हे नामवाक्य असते. 'तो येईल की नाही, मला माहीत नाही.' अशा नामवाक्यात 'विल' खुशाल येतो. 'व्हेन'लाही हीच कसोटी लावा. 'केव्हा' असे भाषांतर होत असेल, तर 'विल' चालतो. 'जेव्हा' किंवा 'आल्यावर' असे होत असेल, तर चालत नाही.

चंद्रावर हवा असती तर...

विज्ञानात आपण पुष्कळदा मुद्दाम खोट्या गोष्टी धरून विचार करतो. 'चंद्रावर हवा असती, तर तेथे आवाज ऐकू आला असता.' 'पृथ्वीचा अक्ष कललेला नसता, तर ऋतू झाले नसते.' चंद्रावर आवाज वाहून नेण्याइतकी हवा नाही आणि पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. तरीही या वाक्यांतून कारण आणि परिणाम यांचा संबंध लख्ख दिसतो. अशा वाक्यांसाठी मराठीत संकेतार्थ तयार आहे. इंग्रजीत तसे वेगळे रूप उरले नाही. म्हणून इंग्रजी पुन्हा तेच 'अंतर' दाखवणारे रूप वापरते.

'इफ देअर वेअर एअर ऑन द मून, वी कुड हिअर साउंड्स देअर.'

'वेअर' आणि 'कुड' दोन्ही दिसायला भूतकाळी आहेत. पण हे अंतर काळाचे नसून वास्तवापासूनचे आहे. 'इफ इट रेन्स' म्हणणारा पाऊस शक्य कोटीतला मानतो. 'इफ इट रेन्ड' म्हणणारा तो दूरचा मानतो. म्हणूनच आपला 'पडला तर' शब्दशः भूतकाळात नेऊ नये. साधी अट नकळत दूरची होऊन बसते.

मग होऊन गेलेल्या काळातली, न घडलेली गोष्ट कशी सांगायची? भूतकाळी रूप तर वास्तवापासूनचे अंतर दाखवण्यात खर्च झाले. आता खऱ्या भूतकाळासाठी आणखी काही हवे. ते काम 'हॅव' करतो. 'इफ द पीसेस हॅड फॉलन ऑन अ सिटी, मेनी पीपल कुड हॅव डाइड.' तुकडे एखाद्या शहरावर पडले असते, तर अनेक माणसे मेली असती. 'कुड' सांगतो की हे घडले नाही आणि 'हॅव' सांगतो की ही गोष्ट मागची आहे.

आता दोन अंतरे एकत्र आली तर? मूळ बोलण्यातच 'कुड' किंवा 'वुड' असेल, तर 'शी सेड दॅट' जोडल्यावरही तो तसाच राहतो. आधीच मागे सरकलेला शब्द पुन्हा सरकत नाही. त्यामुळे 'ही सेड दॅट ही वुड हेल्प' या वाक्याचे दोन अर्थ होतात. 'मी मदत करीन' असे तो म्हणाला असेल. किंवा 'मी मदत केली असती, पण...' अशा सुराचे, अट मनात ठेवून तो काही म्हणाला असेल. पहिले वचन आहे, दुसरे नाही. अशा वेळी मागची-पुढची वाक्ये वाचून लपलेला 'इफ' शोधावा लागतो. कोणी वचन दिले आणि कोणी दिले नाही, हे त्यावरच ठरते!

दोन तऱ्हांचा आग्रह

शेवटी एक उदाहरण असे पाहू, की ज्यात मोडल शब्द असणे-नसणे हे औषधाच्या मात्रेइतके महत्त्वाचे ठरते.

'द डॉक्टर इन्सिस्टेड दॅट द बॉय हॅड टेकन द मेडिसिन.'

'द डॉक्टर इन्सिस्टेड दॅट द बॉय शुड टेक द मेडिसिन.'

पहिल्यात डॉक्टर ठासून सांगतात, की मुलाने औषध घेतले आहे. दुसऱ्यात ते आग्रह धरतात, की मुलाने औषध घ्यावे. पहिले वाक्य दुसऱ्यासारखे वाचले, तर मुलाच्या पोटात औषध दोनदा जाईल. दुसरे पहिल्यासारखे वाचले, तर ते एकदाही जाणार नाही. 'घेतले आहे' हा आपला स्वार्थ आणि 'घ्यावे' हा आपला विध्यर्थ. सूचना, मागणी, आग्रह, आज्ञा यांच्या पुढे येणाऱ्या गौण वाक्यात इंग्रजीतला 'शुड' हा आपल्या 'वे' प्रत्ययाचेच काम करतो.

अमेरिकन पुस्तकांत हेच वाक्य पुष्कळदा 'दॅट द बॉय टेक द मेडिसिन' असे दिसेल. 'टेक्स' नाही, 'शुड'ही नाही. हा छापखान्याचा दोष समजू नका. इंग्रजीची जी जुनी रूपे झिजून गेली असे आपण सुरुवातीला पाहिले, त्यांतले हे टिकून राहिलेले एक रूप आहे. त्याचे मराठी सरळ 'घ्यावे' असे करा, म्हणजे चुकणार नाही.

स्वतः करून पाहा

पुढील प्रश्न वर्गात फळ्यावर लिहून सोडवता येतील. आधी उत्तरे झाकून ठेवा.

(१) 'टेल मी व्हेन द बस विल कम' यात 'व्हेन'च्या पुढे 'विल' कसा चालतो?

(२) 'उद्या हा प्रयोग करता येईल, असे बाई गेल्या सोमवारी म्हणाल्या' हे इंग्रजीत कसे सांगाल?

(३) 'द इंजिनिअर इन्सिस्टेड दॅट द व्हॉल्व वॉज क्लोज्ड' आणि 'द इंजिनिअर इन्सिस्टेड दॅट द व्हॉल्व बी क्लोज्ड' यांत फरक काय?

(४) 'ही सेड दॅट द ब्रिज माइट ब्रेक' यात मूळ बोलणाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल?

उत्तरे: (१) येथे 'व्हेन' म्हणजे 'केव्हा', गौण वाक्य हे नामवाक्य आहे. (२) 'लास्ट मंडे द टीचर सेड दॅट वी कुड डू द एक्स्पेरिमेंट द नेक्स्ट डे.' बाईंचा 'उद्या' आता मागे पडला, म्हणून 'टुमॉरो'ही बदलला. (३) पहिल्यात झडप बंद होती असे ठासून सांगितले आहे. दुसऱ्यात ती बंद करावी असा आग्रह आहे. (४) 'मे' किंवा 'माइट'; दोन्ही शक्य आहेत. मागे सरकल्यावर दोघे एकच दिसतात आणि फरकाची माहिती हरवते.

शेवटचे उत्तर विशेष लक्षात ठेवा. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या वाक्यातून आपल्यापर्यंत येते, तेव्हा वाटेत थोडे काही हरवू शकते. म्हणून यापुढे इंग्रजी पुस्तकात किंवा बातमीत 'सेड दॅट' दिसले, की जरा थांबा आणि तीन प्रश्न विचारा: हे कोण म्हणाले? ते कोणत्या वेळी उभे राहून म्हणाले? आणि 'वुड', 'कुड', 'माइट', 'शुड' यांतला जो शब्द पुढे आला आहे, तो कोणते अंतर दाखवतो, काळाचे, वास्तवापासूनचे की अदबीचे? तिन्हींची उत्तरे मिळाली, की कोणते तुकडे पडण्याची नुसती शक्यता आहे आणि कोणते पडणार असे सांगितले आहे, हे तुम्हांला वर्तमानपत्राचे पान उलटण्याआधीच कळेल.